शेवंतीच्या कडेचं कुर्डू

नुसती शेवंती लावली तर चार महिने नुसता पाला बघत बसावं लागतं. जूनमध्ये मुनवे लावायचे, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाला फुटलेली पिलं. जुलैत शेंडे खुडायचे, ऑगस्टात पुन्हा खुडायचे, आणि मग दिवाळीपर्यंत वाट पाहायची. तोवर बुडाची पानं वाळून काड्या उघड्या पडतात आणि बघणाऱ्याला वाटतं, हे झाड आता मरायला टेकलं. म्हणून पावसाळा सरत आला की तिच्या कडेला दुसरं काहीतरी हवं असतं. काय, हे ठरवायला त्या वर्षी मी जितका विचार केला तितका नोकरी धरतानाही केला नव्हता.

दुष्काळानंतरचं ते वर्ष. मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर बाहेरगावचे फोन जोडायचं काम करत होते. राहायला पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत दोन खोल्या. पुढे घरमालक, मागे आम्ही दोन बिऱ्हाडं. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. माझ्या बाजूला भिंतीला लागून दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी मातीची पट्टी होती. पलीकडच्या बाजूला सगळी फरशी.

शेवंती आईची. करमाळ्याकडच्या आमच्या गावाहून तिनं ती तेलाच्या डब्यांत घालून आणली होती. वीस वर्षं आम्ही दोघीच राहत होतो. माझं लग्न राहून गेलं. त्याची कारणं लपवण्यासारखी नाहीत, कंटाळवाणी आहेत. दुष्काळात पाण्याच्या रांगेत उभं राहून आणलेली घागर आम्ही चारदा वापरायचो: आधी तांदूळ, मग भांडी, मग फरशी आणि उरलेलं शेवंतीला. आई त्याच उन्हाळ्यात गेली. तिची लुगडी मी महिन्याभरात देऊन टाकली. शेवंतीचे डबेही देऊन टाकायचे होते, पण त्या उन्हाळ्यात पाणी मागणारं झाड कोणी घेईना. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला तेव्हा डबे गंजून फुटायला आले होते, म्हणून मुनवे काढून पट्टीत लावले. एवढंच.

कामावर दिवसभर कानाला हेडफोन. सगळा जिल्हा माझ्या कानातून जायचा. कोणाचा बाप आजारी, कोणाचा ट्रक बार्शीला अडकलेला, कोणाला मुलगा झालेला. मी मध्येच म्हणायची, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?’ लोक माझ्याशी नंबरापलीकडे बोलत नसत, आणि मीही नाही. सणासुदीच्या ड्यूट्या माझ्याकडे असायच्या. बाकीच्या बायकांना घरी नवरा-मुलं, मला काय? सुपरवायझरांनी मला विचारणंसुद्धा सोडलं होतं. ड्यूटीचा तक्ता लावतानाच ते दसऱ्याला आणि दिवाळीला माझं नाव घालून टाकायचे.

दिवसाकाठी माझ्याशी नंबर सोडून दुसरं काही बोलणारं माणूस एकच होतं. भिंतीपलीकडची अक्का.

अक्का तेलुगू. वय पन्नाशीचं. नवरा कारखान्यात मागावर, आणि ती दारात चरखा घेऊन कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायला नळ्यांवर सूत गुंडाळायची. चरख्याचा आवाज सकाळी सातला सुरू व्हायचा. तिची एकच मुलगी, दुष्काळातच लग्न होऊन भिवंडीला गेलेली. मी तिला अक्का म्हणायची, ती मला बाई म्हणायची. आमची नावं आम्ही एकमेकींना कधी विचारली नाहीत, तशी गरज पडली नाही.

“काय ओ बाई,” ती भिंतीवरून म्हणायची, “हापिसात लई बोलून घरात तोंड दुखतंय काय?”

“हापिसात मी बोलत नाही अक्का, लोकांना बोलायला देते.”

“मग घरात बोला की. हितं तीन मिनिटं झाली म्हून कोण तोडत न्हाय.”

तर, शेवंतीच्या कडेला काय लावायचं. आषाढात मी मंडईजवळच्या बियाणेवाल्याकडे गेले. त्यानं लगेच ॲस्टरची पुडी काढली आणि म्हणाला, मॅडम, शेवंतीला हीच जोडी. मला पटलं नाही. ॲस्टर शेवंतीसारखाच दिसतो, फक्त नाजूक. एकासारखी दोन झाडं शेजारी लावली की दोन्हींतलं एक खोटं वाटायला लागतं. झेंडू लावला की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही, शिवाय माझी शेवंती पिवळीच. पण झेंडूजवळ मुळांना कीड कमी लागते असं आई म्हणायची. ते खरं असावं, म्हणून दोन टोकांना एकेक झेंडू ठरवला. तेरडा गौरी गेल्या की संपतो. गुलबक्षी एकदा जमिनीत गेली की तिचा गड्डा पुढची पाच वर्षं तुम्हाला हाकलून लावतो. गुलछडी चांगली, पण तिचा वास संध्याकाळी सुटतो आणि संध्याकाळी मी ड्यूटीवर. वास घ्यायला घरात कोणी नसताना गुलछडी लावणं हा पाण्याचा अपव्यय आहे.

शेवटी मखमल. वीत-दीड वीत वाढते, शेवंतीच्या उघड्या काड्या झाकते, दोन दिवस पाणी विसरलं तरी रुसत नाही. तिची जांभळी बोंडं वाळली तरी रंग सोडत नाहीत. बियाणेवाला म्हणाला, पोळ्याच्या सुमाराला रोपं देतो.

अक्काला सांगितलं तर ती चरखा थांबवून हसली.

“मखमल? ते काय फूल हाय व्हय? गुंडी हाय ती. पोलक्याला लावा.”

“टिकाऊ असतं.”

“टिकाऊ तर दगडबी असतोय.” मग ती आत गेली आणि पदरात काहीतरी घेऊन आली. “मी सांगते चामंतीच्या कडंला काय पायजे ते.” चामंती म्हणजे शेवंती, एवढी तेलुगू मला भिंतीवरून आली होती. “बतकम्माला लागतंय आमच्या. माझ्याकडं समदी फरशी, माती कुटं हाय? ह्या कडंला टाकू का?”

बतकम्मा हा त्यांचा बायकांचा सण. भाद्रपदाच्या अमावास्येला सुरू होतो आणि नवरात्रातल्या अष्टमीला संपतो. ताटात फुलांचे थर गोल गोल रचत त्यांचा कळस करतात, तो गल्लीत ठेवून बायका त्याच्याभोवती टाळ्या वाजवत फिरतात आणि मग पाण्यात सोडतात. दुष्काळाच्या वर्षी फूल म्हणून कुठं दिसलं नव्हतं. अक्काच्या मुलीनं मागाखाली पडलेल्या रंगीत सुताच्या तुकड्यांचे गोंडे करून त्यांचा कळस रचला होता. माहेरचा तिचा तो शेवटचा सण. पुढच्या महिन्यात तिचं लग्न झालं.

“यंदा पोरगी येणार हाय पयल्या सणाला,” अक्का म्हणाली. “सुताचं कराय लावलं व्हतं तिला. यंदा घरचं फूल पायजे. मंडईतलं नगं.”

“टाका की. दिसतं कसं ते झाड?”

“उगवलं की कळंल. तुमी कायबी करू नका. त्येचं त्ये येतंय.”

तिनं भिंतीवरून वाकून पट्टीच्या कडेला बी शिंपलं. काळं, चकचकीत, राजगिऱ्याएवढं. राजगिऱ्याच्या जातीचं काहीतरी असेल असं समजून मी पुढं विचार केला नाही.

पोळ्याला मला सुट्टी होती. मखमलीची रोपं आणली आणि त्यांना जागा करायला खुरपं घेऊन बसले.

इथं एक सांगायला हवं. मी शेतकऱ्याची मुलगी. लहानपणी बाजरीच्या रानात ओळीनं खुरपायला बसायचो आम्ही, आणि एखादं कुर्डू मागं राहिलं तर आई मागून ढेकूळ मारायची. कुर्डू म्हणजे आमच्या रानातलं सगळ्यात निर्लज्ज तण. एक सोडलं तर पुढच्या वर्षी शंभर. एक्स्चेंजमध्ये वीस वर्षं काढली तरी खुरपं हातात आलं की माझा हात माझं ऐकत नाही.

भिंतीच्या कडेला कुर्डू माजलं होतं, हातभर उंच, अगदी ओळीनं. मनात म्हटलं, बघ, अक्काचं बी अजून उगवलं नाही ते यानंच दाबलंय. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुळासकट उपटलं. दहा मिनिटांचं काम. पट्टी स्वच्छ झाली, मला बरं वाटलं.

कुर्डूचे शेंडे कोवळे होते. गावाकडे पावसाळ्यात त्याची भाजी करतात. लसूण, हिरवी मिरची, मूठभर मुगाची डाळ. वर्षभरात मी दोन माणसांची भाजी केली नव्हती. तेवढी उरली म्हणून एक वाटी भरून भिंतीवरून दिली.

अक्कानं बोटानं चाखली. “ग्वाड झालीय. कसली ओ?”

“कुर्डूची. तुमच्या बियांच्या जागेवर माजलं होतं, सगळं काढून टाकलं. आता तुमचं उगवेल.”

तिनं वाटी हातात धरूनच भिंतीवरून माझ्या पट्टीकडे पाहिलं. स्वच्छ माती, त्यात मखमलीची लहान लहान रोपं.

“बाई,” ती म्हणाली, “त्येच व्हतं की.”

मला कळलं नाही.

“त्येच गुनुगु. त्येचंच बी टाकलं व्हतं मी. महिन्यानं तुरं आलं असतं.”

आणि मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. पण मी बोलले. म्हटलं, “अक्का, ते तण आहे.”

“तुमच्यात तण,” ती म्हणाली. “आमच्यात देवाच्या डोक्यावर बसतंय.”

वाटी घेऊन ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वाटी भिंतीवर उपडी ठेवलेली होती. घासलेली, रिकामी. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. आजवर तिनं माझी वाटी चिमूटभर साखर तरी घातल्याशिवाय कधी दिली नव्हती. मी वाटी उचलली आणि मांडणीवर ठेवली.

त्या दिवसापासून चरखा दारातून आत गेला. आवाज यायचा, पण बंद दारामागून. सकाळी नळावर आमची गाठ पडायची तेव्हा ती घागर भरून सरळ चालू लागायची. मीही बोलले नाही. चूक झाली हे कबूल करायला मला अडचण नव्हती, पण त्यापुढं काय बोलायचं ते सुचेना. माफ करा म्हणून कुर्डू उगवत नाही. गणपती आले, गौरी झाल्या. गौरीच्या दोन्ही दिवशी मी ड्यूटीवर होते. मखमल छान धरली. दोन टोकांना झेंडू, मध्ये शेवंतीचा हिरवा दाट पाला आणि पुढं जांभळ्या बोंडांची झालर. पट्टी देखणी झाली. बघायला मी.

त्या महिन्यात मला एक सवय लागली. ड्यूटीवरून आले की कुलूप काढताना मी किल्ल्या जरा जास्त वाजवायची. पूर्वी किल्ल्या वाजल्या की भिंतीवरून हाक यायची. आता येत नव्हती. दहा-बारा दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की मी हे करते आहे, तेव्हा बंद केलं.

अमावास्येला सण सुरू झाला. घरमालकीण म्हणाली, अक्काची पोर अजून आलेली नाही, पण अष्टमीपर्यंत येईल. अष्टमीचा कळस सगळ्यात मोठा असतो. अष्टमीच्या आदल्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मंडईत त्या दिवसांत कुर्डूचे भारे विकायला यायचे, हे मी आता डोळे उघडे ठेवल्यावर पाहिलं होतं. पण मंडईतलं ती स्वतः आणू शकत होती. मी आणून दिल्यानं त्यात काय झालं असतं? मी सकाळच्या पॅसेंजरनं होटगीला गेले.

स्टेशनातून बाहेर पडून रुळांच्या कडेनं मैलभर चालले. तुरीच्या एका रानात चार बायका खुरपत होत्या. ओळीत जिकडे पाहावं तिकडे कुर्डूचे तुरे, पांढरे, टोकाला गुलाबी, सरळ उभे. बांधावर उपटलेल्या कुर्डूचा ढीग पडलेला. जन्मभर ते मी पाहिलं होतं. ते देखणं आहे हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि मला जरा रागच आला.

“हे कुर्डू न्यायचं होतं,” मी म्हटलं.

चौघींनी खुरपी थांबवली.

“काय न्यायचं व्हतं?”

“कुर्डू. तुरेवालं.”

“कुटनं आलाव बाई?”

“सोलापूरहून.”

“ह्याच्यासाठी?”

“हो.”

आपसात त्या कानडीत काहीतरी बोलल्या आणि चौघी एकदम हसल्या. त्यांतली थोरली उठून कमरेवर हात ठेवून म्हणाली, “न्या की! समदं रान न्या. आमी इळभर उपटून टाकतोय आन् हिकडं शेरातली माणसं गाडीत बसून न्यायला यायलीत. आदी कळवायचं न्हाय व्हय? चिट्टी टाकायची, आमी उपटलोच नसतो!”

“शेळ्यांना का?” दुसरीनं विचारलं.

“देवाला.”

तेव्हा त्यांचं हसू थांबलं. थोरलीनं ढिगातलं न उचलता स्वतः ओळीत शिरून ताजे तुरे खुरप्यानं कापले. “देवाला पडलेलं नगं,” ती म्हणाली. बांधावरच्या तरवडाच्या पिवळ्या फांद्याही तिनंच तोडून दिल्या. तुरीच्या वाळल्या काडीनं भारा बांधला आणि माझ्या डोक्यावर ठेवून दिला. डोक्यावर भारा घ्यायची माझी सवय पंचवीस वर्षांत मोडली नव्हती. परतीच्या गाडीत मात्र डब्यातले सगळे भाऱ्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “शेळ्या किती हायत?” मी म्हटलं, “एक.” म्हटलं तर विषय संपेल. पण तो म्हणाला, “एका शेळीला लई झालं हे,” आणि सोलापूर येईपर्यंत शेळीला काय घालावं ते सांगत राहिला.

दुपारी दोनला मी अक्काच्या दारात उभी राहिले. ती चरख्यापाशी बसली होती. मी भारा खाली टाकला.

तिनं भाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या केसांतल्या काडीकचऱ्याकडे.

“कुटनं आणलं?”

“होटगी.”

तिनं चरखा बाजूला सारला. मग म्हणाली, “पोरगी येत न्हाय. सकाळी कार्ड आलं. सासू पडून हाय म्हनं. पुढल्या वर्षी यील.”

 ‘तीन मिनिटं झाली’ सोडून दुसऱ्याच्या दुःखात घालायला माझ्याकडे वाक्य नव्हतं.

“लई आणलंय,” अक्का भारा सोडत म्हणाली. “एवढं कोण रचणार?” आणि मग, वर न बघता, “बसा की. का हुबं राहायला आणलंय?”

मी बसले. तिनं मला कात्री दिली. देठ सारख्या लांबीचे कापायचे, दहा-दहाची जुडी सुतानं बांधायची. मग तिनं नवऱ्यानं कारखान्यातून आणलेले रंग तीन वाडग्यांत कालवले, लाल, निळा आणि हिरवा. त्यांत तुऱ्यांची टोकं बुडवून भिंतीला टेकवून वाळत ठेवायची. मी बुडवत होते, ती टेकवत होती.

“तिरकं नगं बाई, सरळ धरा. फोनची वायर हाय व्हय?”

“सरळच आहे.”

“हो, तुमचं समदंच सरळ.”

एवढंच काय ते बोलणं. दोन तास गेले असतील. माझे हात मनगटापर्यंत लाल-निळे झाले. सूत रंगवायचा रंग, साबणानं जाणार नव्हता. अक्काची बोटं जन्माचीच तशी होती.

निघताना ती म्हणाली, “उद्या सांजंला या. फिराय एक माणूस कमी हाय.”

“ड्यूटी आहे उद्या.”

“बदला की.”

“तक्ता लागलाय अक्का. आता बदलत नाही.”

हे खोटं होतं. तक्ते रोज बदलायचे. माझ्याच जिवावर बाकीच्यांचे बदलायचे. पण मी कधी कोणाला माझ्या बदली बस म्हटलं नव्हतं. ते कसं म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी शिकायला एक दिवस पुरला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बोर्डावर होते. शेजारच्या मुलीनं हात बघून विचारलं, “अय्या, मेंदी का रंगपंचमी?” मी तिला कॉल आलाय म्हणून सांगितलं.

सकाळी दार उघडलं तर भिंतीवर पितळी ताटली होती, केळीच्या पानाच्या तुकड्यानं झाकलेली. त्यात मलिदा, चपाती कुस्करून गूळ-तूप घातलेला. संध्याकाळीच ठेवला असणार. पानाखालून मुंग्यांची रांग चालली होती. मी ताटली उन्हात धरून झटकली, उरलेल्या मुंग्या बोटानं काढल्या आणि उभ्यानंच सगळा खाल्ला.

ताटली रिकामी परत देणं शक्य नव्हतं. साखर घालून दिली असती तर चाललं असतं, पण मला ते पुरेसं वाटलं नाही. शेवंतीला कळ्या धरायला लागल्या होत्या. ठरवलं, पहिली फुलं आली की ताटलीभर द्यायची. त्यांचा सण सरला असला तरी चामंती ती चामंतीच.

चरखा पुन्हा दारात आला. एक-दोनदा ती म्हणाली, “बाई, माझी ताटली?” मी म्हणायची, “देते की, थांबा जरा.” ती म्हणायची, “असू द्या, घाई न्हाय. सोन्याची हाय व्हय?”

दसरा झाला. कळ्या फुगल्या. रोज सकाळी मी एकेक कळी दाबून बघायची. कळीला असं करू नये, पण करायची. मग दिवाळी आली आणि मी दिवाळीच्या सगळ्या ड्यूट्या घेतल्या. सगळ्या म्हणजे चारही दिवस दुहेरी. नाव तक्त्यात होतंच, आणि मी काढायला सांगितलं नाही. अंधार असताना जायची, अंधार पडल्यावर यायची, आल्यावर झोपायची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. उठून बाहेर आले तर पट्टीतली शेवंती रातोरात फुटल्यासारखी, पंधरा-वीस फुलं एकदम. ताटली घासली, फुलं काढली आणि भिंतीशी गेले.

पलीकडच्या दाराला कुलूप होतं. खिडकीतून आत पाहिलं, चरखा नव्हता.

घरमालकीण म्हणाली, “अहो, परवाच गेली की ती. तिच्या नवऱ्याला तिकडं भिवंडीत मागावर काम लागलं. जावयानंच बघितलं. तुमच्या दाराशी दोनदा येऊन गेली, कुलूप होतं.”

“काही म्हणाली?”

“म्हणाली, बाईंना सांगा, गेले. आणि म्हणाली, त्या कडेला परत खुरपं घालू नका.”

पत्ता तिच्याकडेही नव्हता. फुलं मी आईच्या तसबिरीला घातली. ती एवढी झाली की तसबीर दिसेना.

पुढच्या आषाढात भिंतीच्या कडेला कुर्डू आपोआप उगवलं. थोडं बी मातीत राहिलं असणार. मी काही केलं नाही. ते शेवंतीच्या वर हातभर गेलं. भाद्रपदात त्याला तुरे आले, आणि दिवाळीत शेवंती फुलली तेव्हा तुरे वाळून फिकट कागदासारखे तिच्या मागं उभे होते. चांगलं दिसतं ते. पाणी मागत नाही, कीड लागत नाही, शेवंतीची जागा खात नाही. एक्स्चेंजमधल्या मुली विचारतात, शेवंतीजवळ काय लावू, तर मी मखमल सांगते. कुर्डू सांगितलं तर हसतील.

त्या वर्षी तक्ता लागायच्या आधी मी सुपरवायझरांना म्हटलं, अष्टमीची संध्याकाळ मला नको. त्यांनी चष्मा काढला. “घरी काही आहे का?”

“आहे.”

कुर्डूचे तुरे कापले, ताटलीत उभे रचले आणि गल्लीत जिथं बायका जमल्या होत्या तिथं घेऊन गेले. माझी ओळख कोणाशी नव्हती. एका म्हातारीनं तुरे घेऊन आपल्या कळसात खोवले आणि रिकामी ताटली उलटी करून पाहिली. मागं तेलुगूत नाव घातलेलं होतं. वर्षभर मी ते रोज बघत होते, एक्स्चेंजमध्ये तेलुगू वाचणाऱ्या चार मुली असून कोणाला विचारलं नव्हतं.

“ही कोण तुमची?” म्हातारीनं विचारलं, आणि ते नाव मोठ्यानं वाचलं.

“शेजारीण,” मी म्हटलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. तिनं मला ते सांगितलं नव्हतं.

मी फेरात गेले नाही. कडेला उभी राहिले. निघताना म्हातारीनं ताटलीत मलिदा घालून दिला, म्हणजे ताटली पुन्हा भरूनच घरी आली. आता ती कुठं पाठवायची हे माहीत नसल्यानं मी तीत कुर्डूचं बी वाळवते. दर पोळ्याला मखमलीची रोपं लावायला बसते तेव्हा भिंतीकडे पाठ करून बसते. हाताचा अजून भरवसा नाही.